मनगटावरची ओळख: एकट्या सायकलस्वाराने कोणता मेडिकल टॅग घ्यावा

नागपुरात पहाटे फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सचा चढ घेणारे, अमरावती रोडने वाडीच्या पुढे जाणारे, काटोल रोडवरून गोरेवाड्याकडे वळणारे, जपानी गार्डनच्या भोवती एकटेच चालणारे, यांतले बहुतेक जण घरून निघताना फोन घेतात आणि तेवढ्यावर निश्चिंत होतात. तो फोन लॉक असतो. सायकलवाल्याचा तर हँडलच्या होल्डरमध्ये किंवा सीटखालच्या पिशवीत असतो. धडक बसली की माणूस ऑटोतून मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात जातो आणि सायकल, फोन, हेल्मेट रस्त्यावर राहतं. केसपेपरवर ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ५०’ असं लिहिलं जातं. उपचार त्यासाठी थांबत नाहीत. जखमीला आधी वाचवा, कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केलं आहे. पण हा माणूस रक्त पातळ करणारी गोळी घेतो की नाही, हे तिथे सांगणारं कोणी नसतं, आणि डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही माहिती फार मोलाची असते.

म्हणून ओळख आणि आजाराची माहिती सोबत बाळगण्याच्या, नागपुरात सहज मिळणाऱ्या किंवा करून घेता येणाऱ्या सगळ्या सोयी एकाच कसोटीवर लावल्या आहेत: माणूस बेशुद्ध आहे, मदतीला आलेला अनोळखी आहे, त्याच्या फोनला नेट असेलच असं नाही. अशा वेळी ही वस्तू बोलते का?

निकाल आधीच सांगून टाकतो. सिलिकॉनच्या बँडवर बसवलेली, खोल कोरलेली स्टीलची प्लेट पहिली. लॅमिनेट केलेलं कार्ड दुसरं. फोनमधलं सेटिंग फुकट आहे, ते आजच करावं, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नये. क्यूआर कोडचे स्टिकर आणि महागडी घड्याळं ही जोड म्हणून ठीक आहेत, पाया म्हणून नाहीत.

स्टीलची प्लेट

मनगटासाठी ४५ मिमी लांब, १६ मिमी रुंद आणि सव्वा ते दीड मिमी जाड प्लेट पुरते. अक्षराची उंची २ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. त्या मापात पाच ओळी बसतात आणि एका ओळीत साधारण २२ ते २५ अक्षरं. याहून बारीक कोरलेलं टॉर्चच्या उजेडात, घाईत, चाळिशी लागलेल्या माणसाला वाचता येत नाही. गळ्यात घालायची मोठी प्लेट घेतली तर जागा जास्त मिळते, पण सायकलवर गळ्यातली साखळी अडकते आणि आपल्याकडे गळ्यात आधीच माळ, ताईत, मंगळसूत्र असतं. त्या गर्दीत टॅग दिसत नाही. नाडी बघायला हात मनगटाकडेच जातो, म्हणून मनगट.

स्टीलची प्रत इथे फार महत्त्वाची आहे. ३१६ एल मिळालं तर तेच घ्या, ३०४ चालेल, २०२ नको. दुकानात चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही, असली स्टील’ असं दाखवतात. त्या परीक्षेला अर्थ नाही, कारण २०२ लाही चुंबक चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं आणि घामातल्या मिठापुढे ते लवकर हार मानतं. खरी परीक्षा घरी होते. ग्लासभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून प्लेट तीन दिवस बुडवून ठेवा. अक्षरांच्या कडेला तांबूस डाग आले तर ती नागपूरच्या एका उन्हाळ्यातही टिकणार नाही.

डाग अक्षरांच्या कडेलाच का येतात, हे कळलं की दुकानदाराशी बोलणं सोपं जातं. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवतो तो वरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर. लेझरच्या उष्णतेने तो थर नेमका अक्षरांपाशी जळतो. बहुतेक दुकानं जे झटपट काळं मार्किंग करून देतात, त्यात धातू कोरला जातच नाही, फक्त वरचा पृष्ठभाग काळा होतो. पहिल्या दिवशी ते सुंदर दिसतं. घाम, साबण आणि रोजचं घासणं यांनी काही महिन्यांत ते फिकटतं आणि गंजही तिथूनच धरतो. म्हणून ‘मार्किंग नको, खोल एनग्रेव्हिंग हवं’ असं स्पष्ट सांगा. नखाने घासल्यावर अक्षराची धार लागली पाहिजे. कोरण्यासाठी लेझरला तीनचार वेळा फिरावं लागतं, वेळ जास्त लागतो, त्यामुळे दुकानदार कुरकुरतो. थोडे जास्त पैसे द्या, पण यावर तडजोड करू नका. घरी आणल्यावर लिंबाच्या रसाने पुसून साध्या पाण्याने धुवा आणि रोज व्यायामानंतर हात धुताना प्लेटही धुवा.

अ‍ॅनोडाइज केलेल्या रंगीत ॲल्युमिनियमच्या प्लेटा हलक्या असतात. लाल किंवा निळ्या रंगावर चंदेरी अक्षरं स्टीलपेक्षाही ठळक वाचता येतात. रोज चालणाऱ्यांना त्या चांगल्या. सायकलवाल्यांना नाही, कारण डांबरावर एकदा घासल्या की रंगाबरोबर अक्षरंही जातात, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. पितळ हिरवं पडतं. इतवारीतल्या सराफाकडून चांदीचा टॅग करून घेतला तर तो काळा पडतो, आणि बेशुद्ध माणसाच्या मनगटावरची चांदी हॉस्पिटलपर्यंत पोहोचेलच असं नाही.

बँडमध्ये गडबड होते ती खाचेपाशी. प्लेट ज्या खाचेतून सरकते तिथलं सिलिकॉन ताणलं जाऊन सैल होतं आणि एक दिवस प्लेट रस्त्यात पडते. विकत घेताना प्लेट दोन्ही बाजूंनी जोरात ओढून पाहा. दोन्ही टोकांना भोक असलेली, रिव्हेटने बसवलेली प्लेट जास्त भरवशाची. एक बोट आत जाईल इतकाच बँड सैल ठेवा. घट्ट बँडखाली मे महिन्यात घामोळ्या येतात, आणि घामोळ्या आल्या की माणूस बँड काढून ठेवतो तो कायमचाच. वेल्क्रोचे कापडी बँड पावसाळ्यात कुबट होतात आणि वेल्क्रोत धूळ भरून ते सुटतात.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या उन्हामुळे होते. पारा ४५च्या पुढे जाणाऱ्या शहरात मार्चपासूनच सगळे हातात पांढऱ्या बाह्या घालतात. टॅग त्या बाहीखाली गेला की असून नसल्यासारखा. तो बाहीच्या वर घालायचा. राखीचे, पूजेचे दोरे असलेल्या हातात न घालता दुसऱ्या हातात घाला. घड्याळाच्या पट्ट्यावर सरकवायच्या प्लेटाही मिळतात, पण घड्याळ चार्जिंगला राहिलं की प्लेटही घरीच राहते.

प्लेटवर काय लिहायचं

खरा कस इथे लागतो. चांगलं स्टील घेऊनही बहुतेक जण चुकीच्या गोष्टी कोरून आणतात.

सगळ्यात आधी लोक रक्तगट लिहितात. तो लिहू नका असं नाही, पण शेवटी लिहा, जागा उरली तर. टॅगवर काहीही लिहिलेलं असलं तरी रक्त देण्याआधी हॉस्पिटल स्वतः गट तपासतं आणि क्रॉसमॅच करतं. तेवढाही वेळ नसेल तर ओ गटाचं रक्त देतात. अपवाद एकच: बॉम्बे रक्तगट. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधलेला हा गट साध्या चाचणीत ओ असल्यासारखा दिसतो, पण अशा माणसाला ओचं रक्तही चालत नाही. तुमचा गट तो असेल तर मात्र तीच पहिली ओळ.

दुसरी चूक म्हणजे स्वतःचा मोबाइल नंबर. तो फोन तुमच्याच खिशात वाजेल. तिसरी चूक घराचा पत्ता. अपघाताच्या वेळी त्याचा उपयोग नाही, आणि टॅग हरवला तर तुम्ही रोज सकाळी घराबाहेर असता ही माहिती अनोळखी हातात जाते. स्त्रियांना नंबर उघडा दिसणं नकोसं वाटतं, ते रास्तच आहे. वर फक्त वैद्यकीय चिन्ह आणि ‘मागे पाहा’ एवढंच, आणि नंबर मनगटाला टेकणाऱ्या बाजूला, असं करून घेता येतं.

ओळींचा क्रम आमच्या मते असा असावा. पहिल्या ओळीत पूर्ण नाव आणि जन्मसाल. वय लिहू नका, ते दरवर्षी खोटं ठरतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत दोन नंबर आणि प्रत्येकापुढे नातं: ‘पत्नी’, ‘भाऊ’. नात्याचा शब्द असला की फोन करणारा काय बोलायचं ते ठरवू शकतो, आणि हे दोन्ही शब्द हिंदी बोलणाऱ्यालाही कळतात. आकडे मात्र इंग्रजीच कोरा. नागपुरातून उत्तर-दक्षिण जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग दक्षिणेकडून येणाऱ्या ट्रकचालकांनी भरलेला असतो, त्यांना देवनागरी आकडे वाचता येतीलच असं नाही. चौथी-पाचवी ओळ डॉक्टरांसाठी, रोमन लिपीत मोठ्या अक्षरांत.

त्या डॉक्टरांच्या ओळीत काय जातं, हे ठरवायला एकच प्रश्न विचारा: हे वाचून डॉक्टर पहिल्या तासात वेगळं काही करतील का? रक्त पातळ करणारी औषधं (वॉरफेरिन, असिनोकुमारोल, ॲपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान, किंवा ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल) नक्की जातात, आणि औषधाच्या नावानिशी, कारण उतारा औषधानुसार बदलतो. ब्रँडचं नाव नको, मूळ औषधाचं लिहा. इन्सुलिन जातं. साखर उतरलेला माणूस बडबडतो, झोकांड्या खातो आणि बघणाऱ्यांना दारू प्यायलेला वाटतो. तो टॅगच तेव्हा त्याची बाजू मांडतो. मिरगी, पेनिसिलिनची ॲलर्जी, पेसमेकर, बरीच वर्षं चालू असलेली स्टेरॉइड, काढलेली प्लीहा, एकच मूत्रपिंड, जी६पीडी या एन्झाइमची कमतरता, या सगळ्याला जागा द्यायची. साधा रक्तदाब, थायरॉइड, कोलेस्टेरॉल यांना प्लेटवर जागा नाही. ते कार्डावर.

विदर्भात सिकल सेलचा, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा, उल्लेख वेगळा करावाच लागतो. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्यांनी तो कोरायचाच. एएस म्हणजे वाहक असलेले बहुतेकदा स्वतःला निरोगी समजतात आणि बहुतेक वेळा ते असतातही. पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, जोर लावून व्यायाम करताना वाहकही कोसळू शकतो, स्नायू मोडून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. तेव्हा डॉक्टरांच्या डोक्यात फक्त उष्माघात असेल तर ही शक्यता निसटते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल मोहिमेत तपासणी झाल्यावर कार्ड मिळतं, पण ते कपाटात राहतं. प्लेटवर दोन शब्द पुरतात.

करून घेताना

बर्डी, सदर, गांधीबाग भागात ट्रॉफी आणि नेमप्लेट करणाऱ्यांकडे फायबर लेझर असतं. मजकूर तोंडी सांगू नका, कागदावर मोठ्या अक्षरांत टाइप करून न्या. देवनागरी हवी असेल तर मजकूर वेक्टर पीडीएफ किंवा चित्र करून द्या, कारण लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट टाइप केलं की वेलांट्या सुटतात आणि जोडाक्षरं फुटतात. कोरण्याआधी स्क्रीनवरचा नंबर वाचून तिथूनच फोन लावा. दहातला एक आकडा उलटापालटा होणं ही सर्वात नेहमीची चूक आहे, आणि ती कोरल्यावर दुरुस्त होत नाही.

ऑनलाइन मागवलेल्या टॅगमध्ये फिनिशिंग चांगलं असतं. पण फॉर्ममध्ये अक्षरांची मर्यादा ओलांडली की काही ठिकाणी उरलेला मजकूर न विचारता कापला जातो. प्रूफ पाठवत नसतील तिथून घेऊ नका.

कार्ड

साध्या एटीएम कार्डाच्या मापाचं, ८५ गुणिले ५४ मिमी, दोन्ही बाजूंनी छापलेलं. झेरॉक्सच्या कोणत्याही दुकानात शंभराच्या आत होतं. दोन अटी आहेत. प्रिंट लेझरचं हवं, इंकजेटची शाई घामाने पसरते. आणि लॅमिनेशनची कड कागदाच्या बाहेर किमान ३ मिमी सोडायची. दुकानदार सवयीने कागदाला लागून कापतो, मग कडेतून पाणी शिरतं आणि पावसाळ्यात आतला कागद काळा पडतो. कार्डावर सर्व औषधं डोससह, नेहमीचे डॉक्टर, विम्याचा क्रमांक आणि खाली ‘दिनांक’ लिहा, म्हणजे माहिती किती जुनी आहे ते कळतं. ते जर्सीच्या मागच्या मधल्या खिशात राहू द्या.

आधार कार्ड सोबत असतंच, मग हे कशाला, असं विचारलं जातं. आधारवर नाव-पत्ता आहे, पण घरच्यांचा फोन नंबर नाही. आभा या डिजिटल आरोग्य ओळखपत्राचा १४ आकडी क्रमांक नोंदी जोडण्यासाठी उत्तम आहे, पण नोंदी उघडायला तुमची संमती लागते, आणि बेशुद्ध माणूस संमती कुठून देणार.

फोन आणि क्यूआर

आयफोनमध्ये हेल्थ ॲपमधल्या मेडिकल आयडीत माहिती भरून ‘लॉक असताना दाखवा’ हा पर्याय चालू करावा लागतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या ‘सेफ्टी आणि इमर्जन्सी’ या भागात वैद्यकीय माहिती आणि इमर्जन्सी संपर्क असतात, मात्र कंपनीगणिक मेनू बदलतो. भरून झाल्यावर फोन लॉक करून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या आणि ‘माझ्या घरी फोन लाव’ एवढंच सांगा. त्याला इमर्जन्सीचं बटण सापडलं नाही तर रस्त्यावरच्या माणसालाही सापडणार नाही. अशा वेळी लॉक स्क्रीनवर मजकूर दाखवायची सोय वापरून नातं आणि नंबर सरळ लिहून टाका. आणि फोन हँडलवर नको, अंगावर हवा.

क्यूआरचे टॅग आणि हेल्मेटचे स्टिकर हल्ली खूप विकले जातात. त्यांतले बरेचसे स्कॅन केल्यावर कंपनीच्या वेबसाइटवर नेतात. म्हणजे स्कॅन करणाऱ्याकडे नेट हवं, कंपनी चालू हवी आणि तुमची वर्गणी भरलेली हवी. शिवाय फसवणुकीच्या बातम्यांमुळे अनोळखी कोड स्कॅन करायला लोक आता धजत नाहीत. कोडच्या शेजारी वाचता येईल असा नंबर छापलेला नसेल तर तो टॅग आम्ही नापास करतो.

कोड हवाच असेल तर साध्या मजकुराचा करा, तो नेटशिवाय उघडतो. मजकूर रोमन लिपीत ठेवा. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइट घेतं, त्यामुळे कोड दाट होतो. मध्यम दुरुस्ती पातळीवर (म्हणजे कोड थोडा खराब झाला तरी वाचता यावा अशा बेताने) साधारण २०० रोमन अक्षरांना ५७ गुणिले ५७ चौकटींचा कोड लागतो. २० मिमीच्या स्टिकरवर त्यातली प्रत्येक चौकट जेमतेम ०.३५ मिमीची होते. सपाट कार्डावर तो वाचला जातो, मनगटाच्या वळणावर नाही. फोन जवळ नेला की वाचले जाणारे एनएफसीचे टॅग तर सोडूनच द्या, स्वस्त फोनमध्ये ती सोय नसते.

हेल्मेटवर स्टिकर लावणार असाल तर एक काळजी घ्या. पॉलीकार्बोनेटच्या कवचाला आणि आतल्या थर्माकोलला काही गोंदांतलं आणि मार्करमधलं सॉल्व्हंट खातं. आणि हेल्मेट काढून बाजूला ठेवलं जातं, तेव्हा त्याच्यावरची माहिती त्याच्याबरोबरच मागे राहते. बुटाच्या नाडीतल्या टॅगचंही तेच.

पडल्याचं ओळखून आपोआप फोन लावणारी घड्याळं एकट्याने लांब जाणाऱ्याला खरोखर उपयोगी आहेत, रामटेक-खिंडसीच्या मोकळ्या रस्त्यावर तर नक्कीच. ॲपल वॉचमध्ये ५५ वर्षांखालच्यांना ही सोय पूर्ण वेळ हवी असेल तर स्वतः चालू करावी लागते, हे अनेकांना माहीत नसतं. गार्मिनची सोय जोडलेल्या फोनवर आणि रेंजवर अवलंबून आहे. घड्याळ मदत बोलावतं. मदत आल्यावर वॉरफेरिनबद्दल सांगायला प्लेटच लागते.

पलीकडच्या टोकाचा फोन

सगळं नीट कोरलं आणि पलीकडे फोन उचलला गेला नाही, असं फार वेळा होतं. सकाळी सहाला अनोळखी नंबर म्हणजे लोनवाला किंवा फसवणारा, असं समजून घरचे कट करतात. ज्यांचे नंबर कोरले आहेत त्यांना सांगून ठेवा: मी बाहेर असताना अनोळखी फोन घ्यायचा. त्यांच्या फोनमधलं अनोळखी कॉल शांत करणारं सेटिंग बंद हवं. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून झोपत असतील तर वारंवार येणाऱ्या कॉलची सूट चालू ठेवा. आयफोनवर तीन मिनिटांत आणि अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत त्याच नंबरचा दुसरा कॉल आला तर तो वाजतो. दुसरा नंबर त्याच घरातला नको, वेगळ्या घरात राहणाऱ्याचा हवा. आईवडिलांच्या जुन्या सिमचं रिचार्ज संपलं की काही दिवसांनी इनकमिंगही बंद होतं, तेही पाहत राहा.

मदत करणाऱ्याची भीती हाही भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार जखमीला मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. कार्डाच्या मागच्या बाजूला एक ओळ छापायला जागा असते: ‘आधी १०८ ला फोन करा, मग वरच्या नंबरवर. मदत करणाऱ्याला नाव सांगावं लागत नाही.’ मराठीत आणि हिंदीत.

दर सहा महिन्यांनी, औषध बदललं तर त्याच आठवड्यात, टॅगवरचे दोन्ही नंबर दुसऱ्याच्या फोनवरून लावून पाहा. शक्यतो सकाळी साडेपाचला, न सांगता.